डावभर पाणी

साडेआठला आरोग्य केंद्रातून निघते.
पिशवीत टॉर्च, खडू, वही, बिस्किटांचा अर्धा पुडा
आणि लांब दांड्याचा पांढरा डाव.
आमटीचा नव्हे,
हे पहिल्याच दिवशी सासूला सांगावं लागलं.

डाव तिरका धरायचा, हळू बुडवायचा.
नुसती सावली पडली तरी त्या बुडी मारतात.
मग वाट बघायची.
श्वासासाठी वर यावंच लागतं त्यांना.
वहीत मी कधी स्वल्पविराम देत नाही
ते सगळे डावात असतात, वळवळत.

चवथ होऊन नववा दिवस.
घरांमागे थर्माकोलची मखरं उताणी पडलीत,
देव बसला होता त्या खोलग्यात बोटभर पाणी.
आधी नमस्कार करते, मग ओतते.
रकान्यात लिहिते: एक भांडं.
दुसरा शब्द नाही त्याला रकान्यात.

दुलबा गावसांच्या अंगणात तीन ट्रक,
खाण बंद पडली तेव्हापासून उभे.
टपावर शेवाळ, बॉनेटखाली मांजरीची पिल्लं.
पुढ्यात आडवे टाकलेले अठरा टायर.
"खाण सुरू झाली की हेच लागतील,"
दुलबा म्हणाले. गेल्या महिन्यातही म्हणाले होते.
मी म्हटलं, भोकं पाडूया, पाणी वाहून जाईल.
ते असे बघत राहिले
जणू बैलाचा खूर कापा म्हणाले मी.
शेवटी छपरावर तडजोड झाली.
जुना पत्रा, त्यांचे दोन मुलगे, तिसरी मी.
टायर आत गेले,
अंगणात अठरा पिवळी वर्तुळं उरली गवताची.
दुलबा त्यांच्यावर पाय न ठेवता दारापर्यंत आले.

कुडचड्याच्या रेल्वे फाटकापलीकडे
भाड्याच्या खोल्या, यल्लव्वाचं निळं पिंप.
नळ तिसऱ्या दिवशी येतो, तासभर.
पाणी साठवू नका, असं पत्रकात आहे.
ज्याने ते लिहिलं त्याच्या घरी
टाकी असणार, झाकणाची.
तिची मराठी माझ्या कानडीइतकीच.
डाव पुढे केला. ती वाकली, बघितलं,
मग स्वतःच्या डोळ्यांवर बोटं दाबली
आणि आतल्या चटईकडे मान वळवली.
मुलगा. तीन दिवस ताप. डोळ्यांमागे दुखतं.
घरातली गोळी देत होती, कसली ते तिला ठाऊक नाही.
पाकीट घेतलं, वही मिटली, रिक्षा थांबवली.
पैसे तिने मला देऊ दिले नाहीत.
रक्त काढताना तो रडला नाही,
माझ्या डावाचा दांडा धरून बसला.

परत जाऊन पिंपावर लुगड्याचा तुकडा बांधला,
दुहेरी, सुतळीने. यल्लव्वाची शेजारीण
गाठ मारायला आली, मग तिच्याही पिंपावर.

शेवटचं घर इश्पेरांस मायचं.
बलकांवाच्या कठड्यावर मातीचं पसरट भांडं,
बुलबुलांसाठी. झुजे होता तेव्हा तोच भरायचा.
ते ओत म्हणून सांगायला मी आले
हे तिला माहीत आहे, म्हणून आधी चहा.
चहा झाल्यावर डाव बुडवला. चार.
"चार म्हणजे फार?"
"आठवड्यात उडतील, माय."
ती उठली. पाणी अबोलीच्या मुळात ओतलं,
काथ्याने भांडं घासलं, आतून, कडेने,
अंडी कडेलाच चिकटतात
हे मी तिला सांगितलंही नव्हतं.
आणि पुन्हा भरलं, काठोकाठ.
"दर शुक्रवारी घाशीन," म्हणाली, "पण भरीन."

दारावर खडूने तारीख टाकली.
शुक्रवारला रकाना नव्हता,
समासात लिहिला.

"डासांची बाय चालली!" पोरं ओरडली वळणावर.

रात्री फ्रीजमागचा ट्रे ओढून बघितला.
कोरडा होता. तरी घासला.
मुलाचा रिपोर्ट उद्या अकराला.